वीस बोटं आणि एक चोच

जावई दात बनवायचा. म्हणजे दातांचा डॉक्टर नव्हे. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवतात आणि त्या ठशावरून कवळी तयार करणारी जी छोटीशी लॅब असते, तिथे तो अकरा वर्षं कामाला होता. प्लास्टर कालवायचं, साच्यात ओतायचं, मेणाच्या हिरडीत एकेक दात रोवायचा आणि वरचा खालच्यावर नीट बसतो का ते शंभरदा बघायचं. तांदळाएवढी खाच कोरतानाही त्याचा हात कधी थरथरला नव्हता. त्याच हाताच्या तर्जनीवर, अंगठ्यावर आणि करंगळीवर एका आठवड्यात तीन चिकटपट्ट्या आल्या, तेव्हा लॅबच्या मालकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, की आपल्या कवळ्या आता कारागिरालाच चावायला लागल्या की काय.

कोरणी लागली, असं सांगून त्याने वेळ मारून नेली. खरं सांगण्यासारखं नव्हतं. ज्याने चावलं होतं त्याचं वजन कवळ्यांच्या दोन जोड्यांएवढंसुद्धा भरलं नसतं.

त्याचं नाव टिंबू. अंग हिरवं, डोकं पिवळं-केशरी आणि डोळे शाईचे दोन टिंब पडावेत तसे. पक्षी वाढवणाऱ्या एका बाईंकडून जावयाच्या बायकोने त्याला आणला तेव्हा तो तीन महिन्यांचा होता, आणि दोन महिने घरात त्याच्याइतकं गरीब कोणी नव्हतं. बायकोच्या खांद्यावर बसून तो तिच्या केसात चोच खुपसून झोपायचा. ती समुद्राचे नकाशे करणाऱ्या कचेरीत होती. एक दिवस तिला हुकूम आला, की चार महिने जहाजावर जायचं आहे, तळाची मोजणी करायला. तिने नाही म्हणणं शक्यच नव्हतं. सहा वर्षं ती या जहाजाची वाट बघत होती. प्रश्न एकच होता. नवरा दिवसभर लॅबमध्ये, मग एवढ्याशा पक्ष्याला एकटं कसं ठेवायचं? तिने आपल्या आईला बोलावून घेतलं.

अशा रीतीने सासूबाई आल्या. त्यांनी अठ्ठावीस वर्षं स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं. गुडघ्याने दगा दिल्यावर दोन वर्षांपूर्वी ते बंद करावं लागलं, तरी त्यांचा दरारा काही निवृत्त झाला नव्हता. गावातल्या निम्म्या लोकांना गाडी त्यांनी शिकवलेली. समोरून कोणी वेडावाकडा आला तर तो कुठल्या साली आपल्याकडे शिकला हे त्या सांगू शकत. जावयाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि या नऊ वर्षांत त्याचं सासूबाईंशी झालेलं एकूण बोलणं एका पोस्टकार्डावर मावलं असतं. प्रवास कसा झाला, तब्येत कशी आहे, अजून थोडं वाढू का. भांडण म्हणाल तर कधी नाही. दोघंही एकमेकांना इतका मान देत, की मोकळं बोलायला जागाच उरत नसे. त्या त्याला 'जावईबापू' म्हणत, तो त्यांना 'आई' म्हणे, आणि ज्या खोलीत एक असेल तिथून दुसरा काहीतरी काम काढून उठे.

बायको गेली त्याच्या पाचव्या दिवशी टिंबूने जावयाला पहिल्यांदा चावलं. सकाळी त्याने पिंजऱ्यात वाटी ठेवायला हात घातला, टिंबूने वाकून बोटाकडे पाहिलं, आणि जावयाला काही कळायच्या आत तर्जनीतून रक्त आलं. त्याने झटक्यात हात बाहेर ओढला. संध्याकाळी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवसापासून त्याचा हात सरळ पुढे जाईना. अर्ध्यावर जाऊन हात थबके, मग मागे येई, मग पुन्हा पुढे जाई. टिंबूही मग ताटकळत बसायचा नाही. अर्ध्या वाटेवर गाठूनच समाचार घ्यायचा.

सासूबाईंना तो काही बोलला नाही. त्या सगळं सोडून मुलीच्या पक्ष्यासाठी आल्या होत्या. जावयाला एवढंसं पाखरू आवरत नाही हे त्यांच्या कानावर घालायला त्याचा जीव धजावेना. संध्याकाळी चहा घेताना तो सहज म्हणून विचारी, की टिंबूने दिवसभरात त्रास तर नाही दिला ना. त्या म्हणत, छे, अगदी गुणी आहे हो. तुमच्याशी कसा वागतो? तोही म्हणे, माझ्याशी तर काय, उत्तमच.

दर रविवारी जहाजावरून बायकोचा व्हिडिओ कॉल येई. चित्र मधेच गोठे, आवाज विहिरीतून आल्यासारखा, पण तिचा पहिला प्रश्न ठरलेला: माझं बाळ कसं आहे, हातावर बसवून दाखवा ना. जावई म्हणे, आईंच्याच हातावर जास्त रमतो तो, आई, तुम्ही दाखवा. सासूबाई म्हणत, मी आत्ताच कणीक मळली आहे, हाताला पीठ आहे, जावईबापू दाखवतील. तेवढ्यात नेटवर्क जाई आणि दोघंही सुटकेचा निःश्वास टाकत. जावई आपला उजवा हात फोनच्या मागे धरे. सासूबाई पदराखाली हात घेऊन बसत. त्यांना थंडी वाजत असेल, असं त्याला वाटे.

हे तीन आठवडे चाललं. मग एका शनिवारी त्याचा अंगठा पुन्हा फुटला आणि तो न्हाणीघरातल्या कपाटाकडे गेला. चिकटपट्ट्यांचा डबा त्याने मंगळवारी आणला होता, वीसचा. त्यातल्या त्याने चार वापरल्या होत्या, हे त्याला पक्कं आठवत होतं. त्याचं सगळं कामच दात मोजून लावण्याचं. डब्यात एकही पट्टी नव्हती.

रिकामा डबा हातात घेऊन तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. सासूबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहून शेंगा निवडत होत्या. त्याने डबा पुढे धरला. त्यांनी वळून डब्याकडे पाहिलं, त्याच्या ठिबकणाऱ्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि सावकाश दोन्ही हात ओट्यावर उताणे ठेवले. दहा बोटांत सात पट्ट्या होत्या. एक मनगटावर.

"तुम्हालासुद्धा?" तो म्हणाला.

"पहिल्या आठवड्यापासून," सासूबाई म्हणाल्या. "कानाची पाळीही धरली होती एकदा. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, अठ्ठावीस वर्षं लोकांना शिकवलं आणि मूठभर पोपट ऐकत नाही."

आधी जावयाला हसू फुटलं. त्याने ते दाबायचा प्रयत्न केला, पण सासूबाईंचे खांदे हलायला लागलेले दिसले आणि मग दोघंही शेंगांच्या ढिगाशी उभे राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. बाहेर पिंजऱ्यात टिंबूने शीळ घातली. त्या रात्रीच्या जेवणाला पहिल्यांदाच दोघांना बोलायला विषय होता, आणि तो भरपूर होता. सासूबाईंनी आपला सगळा पाढा वाचला. त्या पिंजऱ्याचं दार उघडून वरून हात घालत, टिंबूला मुठीत धरून बाहेर काढत, आणि तो चावला की शिकाऊ ड्रायव्हरला घेतलं असतं तसं त्याला फैलावर घेत. तो मान वाकडी करून सगळं ऐकून घेई आणि दुसऱ्या दिवशी जास्त जोरात चावे. आता बायकोला कळवायचं का, हा प्रश्न निघाला. ती समुद्रावर बसून काळजी करण्यापलीकडे काय करणार होती? तेव्हा अळीमिळी गुपचिळी, असं ठरलं, आणि सोमवारी टिंबूला डॉक्टरकडे न्यायचं.

पक्ष्यांची डॉक्टर तिशीतली, बारीक चणीची बाई होती. तिने टिंबूला तपासलं, वजन केलं, चोच पाहिली, पिसं पाहिली आणि सांगितलं, की पक्षी ठणठणीत आहे, आता तुम्हा दोघांना तपासते. ती थट्टा करत नव्हती. तिने सांगून ठेवलं होतं म्हणून जावयाने रविवारी घरचा व्हिडिओ काढून आणला होता. तो तिने दोनदा पाहिला, मग फोन टेबलावर ठेवून त्यांच्याकडे वळवला आणि म्हणाली, आता आवाज बंद करून फक्त पक्ष्याकडे बघा.

ते बघू लागले. दाराआड कोपऱ्यात पिंजरा. बायको गेल्यावर, खिडकीचा वारा लागेल म्हणून सासूबाईंनीच तो तिथे हलवला होता. दार धाडकन उघडलं, जावई आत आला, टिंबू दांडीवर दचकला. मग जावयाचा हात पुढे आला. टिंबूची पिसं अंगाला चपटी बसली. तो एक पाऊल मागे सरकला. डोळ्यातली बाहुली लहान झाली, मोठी झाली, पुन्हा लहान. मान ताठ करून त्याने चोच उघडली. मग थोडं थांबून तो चावला.

"किती वेळा 'नको' म्हणाला?" डॉक्टरने विचारलं.

जावयाने मनात मोजलं. "चार."

"पाच. सुरुवातीला पाठ फिरवली होती, ती तुम्ही सोडलीत. पाच वेळा त्याने तुम्हाला सभ्यपणे सांगितलं. तुम्ही ऐकलं नाहीत म्हणून सहाव्यांदा चोचीने सांगितलं, आणि तेव्हा तुम्ही लगेच ऐकलंत. मग तो शहाणा झाला. कधी कधी तर पहिली पाच सोडून सरळ सहाव्यावरच येतो."

 डॉक्टर मग सबुरीने समजावत राहिली. हा पक्षी वाईट चालीचा नाही, पोरवयातला आहे आणि घाबरलेला आहे. ज्या माणसावर त्याचा जीव होता ते एक दिवस दिसेनासं झालं, पाठोपाठ त्याचं घर उचलून दाराआड गेलं, आणि आता त्याच्या खोलीत वरून हात येतात. आकाशातून जे वरून येतं ते पाखराला खायलाच येतं, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. जावयाचा हात कापतो म्हणून टिंबूला ती फांदी कच्ची वाटते आणि फांदी कच्ची असली की पक्षी ती आधी चोचीने चाचपतो. सासूबाईंचा ओरडा त्याला शिक्षा वाटतच नाही. कोणीतरी आपल्याशी जोरजोरात बोलतंय एवढंच त्याला कळतं. पिंजरा परत खिडकीजवळ, एक बाजू भिंतीला. संध्याकाळी सव्वासातला दिवा बंद, कारण या वयात झोप पुरली नाही की तापट होतात. आणि दोन आठवडे त्याला हात लावायचा नाही, अजिबात.

"आणि चावलाच तर?" सासूबाईंनी विचारलं.

"तर ओरडायचं नाही, झटकायचं नाही. शांतपणे खाली ठेवायचं आणि आपण कुठे चुकलो ते आठवायचं. पण खरं काम त्याच्या आधीचं आहे. तिथपर्यंत वेळच येऊ द्यायची नाही."

"म्हणजे ब्रेक धडकायच्या आधी दाबायचा," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टर हसून म्हणाली, अगदी तसंच.

 घरी येताना रिक्षात सासूबाई म्हणाल्या, की भरधाव गाडी हाकणारे शिकाऊ त्यांना सगळे उर्मट वाटायचे. चांगली दहा वर्षं गेल्यावर त्यांना कळलं होतं, की त्यातले बहुतेक घाबरलेले असतात आणि लवकर संपावं म्हणून जोरात चालवतात. हे कळलेलं असून पाखराच्या बाबतीत कसं सुचलं नाही, असं त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या. त्या संध्याकाळी सासूबाई होत्या त्या खोलीतून जावई काम काढून उठला नाही.

पहिले दोन आठवडे घरात काही म्हणजे काही घडलं नाही, आणि त्याचीच दोघांना सवय करावी लागली. पिंजरा खिडकीजवळ गेला. त्याच्यापासून पाच हातांवर खुर्ची ठेवून सासूबाई सकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत. बाजारभाव, हवामान, छोट्या जाहिराती, काही सोडत नसत. संध्याकाळी त्याच खुर्चीत जावई बसे आणि घरी आणलेल्या मेणावर दाढ कोरत बसे. रोज खुर्ची वीतभर पुढे. टिंबू मागे सरकला की खुर्चीही मागे. जाता-येता एक सूर्यफुलाचं बी वाटीत टाकायचं आणि वळूनही न बघता निघून जायचं. नवव्या दिवशी सासूबाईंनी वाचन थांबवून चष्मा पुसायला काढला, तर टिंबू जाळीला लटकून, पिसं फुलवून त्यांच्याकडे बघत होता. पुढची बातमी हवी होती त्याला.

जावयाने मधेच एक उद्योग केला. बोटाऐवजी टिंबूला दांडीवर चढायला शिकवा, असं डॉक्टर म्हणाली होती. साधी लाकडी काठी चालली असती, पण कारागिराचा हात स्वस्थ बसेना. त्याने लॅबमध्ये कवळीच्या हिरडीला वापरतात त्या गुलाबी मसाल्याची एक सुबक दांडी घडवली, घासली, चकचकीत केली, पंजाला पकड मिळावी म्हणून बारीक खाचा पाडल्या. मालकांनी ती हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिली आणि ही कुठल्या तोंडात बसवायची, एवढंच विचारलं. घरी तिचा मुखडा दिसताच टिंबूने असा आकांत मांडला, की शेजारच्या काकू दार वाजवून विचारपूस करायला आल्या. ती दांडी मग सासूबाईंनी स्वयंपाकघरात नेली आणि कढईतलं ढवळायला वापरू का म्हणून विचारलं. जावयाने ती कपाटात ठेवून दिली. शेवटी अंगणातल्या झाडाची वाळकी काडीच कामी आली.

काडीचं टोक टिंबूपासून लांब धरायचं. त्याने आपणहून पुढे येऊन चोच टेकवली की एक बी. नाही आला तर नाही. काडी खाली, पुन्हा दुपारी. दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं. या पाच मिनिटांत दोघंही डोळ्यांत तेल घालून बघायला शिकले. पिसं चपटी, थांबा. बाहुली बारीक, थांबा. एक पाय पोटाशी घेऊन उभा, चालेल. चोच घासतोय, झकास. हळूहळू गंमत अशी झाली, की ही नजर पिंजऱ्यापुरती राहीना. सासूबाई जिना चढून आल्या आणि ओठ मिटून घेतलेले दिसले, की गुडघा दुखतोय हे जावई ओळखी आणि न विचारता गरम पाण्याची पिशवी आणून ठेवी. त्याने लॅबमधून आल्यावर चपला जोडीने न ठेवता फेकल्या, की आज एखादी कवळी परत आली आहे हे सासूबाईंना कळे आणि अर्धा तास त्या त्याला काही विचारत नसत.

पाचव्या आठवड्यात टिंबू काडीवर चढला. सहाव्यात काडीवरून जावयाच्या हातावर आला, तो रविवार होता. जावई खुर्चीत बसलेला, मनगट गुडघ्यावर टेकवलेलं, बोट आडवं आणि फांदीसारखं घट्ट. टिंबूने एक पंजा ठेवला, थांबला, दुसरा ठेवला. त्याच्या पंजाची ऊब बोटाला लागली आणि जावयाचा श्वास अडकला. नेमकी तेव्हाच दाराची घंटा वाजली, लांबलचक. पार्सलवाला होता. टिंबूचं अंग आवळलं आणि त्याने खाली वाकून अंगठ्याची कातडी चोचीत धरली.

"हात हलवू नकोस," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, उलट नेहमीपेक्षा खाली. "तसाच ठेव. काही होत नाही. श्वास सोड. मी आहे इथे."

जावयाने श्वास सोडला. दुखत होतं, चांगलंच दुखत होतं. घंटा पुन्हा वाजली. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत, टिंबूही नाही. तिसऱ्या घंटेला चोचीची पकड सैल झाली. टिंबूने अंगठा सोडला, त्या जागी जिभेने एकदा चाचपून पाहिलं आणि पिसं झटकून तो सरळ उभा राहिला. मग जावयाने त्याला सावकाश पिंजऱ्याच्या दारातल्या दांडीवर उतरवला, बी दिलं, आणि मगच अंगठ्याकडे पाहिलं. वळ उठला होता, रक्त नव्हतं.

सासूबाई पार्सल घेऊन आत आल्या त्या ओशाळलेल्या. "माफ करा हं, जावईबापू. तोंडातून एकदम अरे-तुरे गेलं. शिकवताना मी कुणालाच अहो-जाहो करत नसे. न्यायाधीश आले होते शिकायला, त्यांनासुद्धा नाही."

जावई थोडा वेळ अंगठा चोळत राहिला. "मग माझं शिकणं संपलं असं कुठे आहे," तो म्हणाला. "तूच म्हणा."

त्यावर त्या 'बरं' म्हणाल्या, आणि चहा टाकू का रे, असं विचारलं. रे म्हणताना जरा अडखळल्या. दुसऱ्या दिवसापासून अडखळल्या नाहीत.

बायको जहाजावरून आली तेव्हा चार महिने आणि सहा दिवस झाले होते. उन्हाने काळवंडलेली, केस आखूड कापलेले, पाठीवर पिशवी. आईला मिठी मारली, नवऱ्याला मारली, आणि दोघं 'अगं थांब' म्हणेपर्यंत पिंजऱ्याचं दार उघडून हात आत घातला. माझं पिल्लू ते, असं ती म्हणत होती. टिंबूने पाठ फिरवली, पिसं चपटी केली, मागे सरकला, सगळं रीतसर केलं. हात पुढेच आला. मग तो चावला, आणि मन लावून चावला.

बायको किंचाळून मागे आली आणि बोट तोंडात घालून दोघांकडे बघू लागली. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं, आणि ते बोटापायी नव्हतं.

"मी आणला त्याला," ती म्हणाली. "माझ्या केसात झोपायचा."

सासूबाईंनी तिला खुर्चीत बसवलं. त्याने तुला विसरून चावलं असं समजू नकोस, असं त्या तिला म्हणाल्या. तू कामाला गेलीस हे आम्हाला ठाऊक होतं, त्याला एवढंच कळलं की एक दिवस तू नाहीस. आता आलीस, केस वेगळे, वास वेगळा, आणि आल्या आल्या थेट त्याच्या घरात हात. मग जावयाने पट्टी बांधता बांधता तिला सगळं सांगून टाकलं, पहिल्या तर्जनीपासून गुलाबी दांडीपर्यंत. ती रागावली. आपल्याला चार महिने कोणी ताकास तूर लागू दिली नाही, रविवारी रविवारी दोघंही आपल्याशी खोटं बोलली, असं म्हणून ती एक तासभर दोघांशीही बोलली नाही. मग न्हाणीघरातून विचारती झाली, की खुर्ची नेमकी किती लांब ठेवायची.

दुसऱ्या दिवसापासून पाच हातांवर ती बसू लागली. वर्तमानपत्र वाचायचा तिला कंटाळा, म्हणून ती जहाजावरची टिपणं वाचून दाखवे: अमुक ठिकाणी तळ अठ्ठेचाळीस मीटर, तमुक ठिकाणी खडक. टिंबूला खडकांत फारसा रस दिसत नव्हता. तिचा धीर सुटायचा. आज घेऊन बघू का हातावर, असं ती रोज विचारी. सासूबाई मान हलवत. अजून नाही, त्याची मान बघ. जावई म्हणे, आज जवळजवळ, पण उद्या. तिला या दोघांच्या एका सुरात बोलण्याची गंमतही वाटत होती आणि थोडं परकंही वाटत होतं. एकदा ती नवऱ्याला म्हणाली, की मी गेले तेव्हा तुम्ही दोघं एकमेकांना मीठ मागायलाही लाजत होता. तो म्हणाला, हो, लाजत होतो खरं.

सासूबाईंचं परतीचं तिकीट मुलगी आली त्याच आठवड्याचं होतं. त्यांनी ते पुढे ढकललं. पक्षी पोरीच्या हातावर बसेपर्यंत थांबते म्हणाल्या, आणि त्यांना कोणी जा असं म्हटलंही नाही.

अकराव्या दिवशी, संध्याकाळी सात वाजायच्या सुमाराला, बायको टिपणं वाचता वाचता थांबली. पिंजऱ्याचं दार उघडं होतं. टिंबू दारातल्या दांडीवर आला, एक पाय पोटाशी घेऊन उभा राहिला, मान वाकडी करून त्याने तिचे आखूड केस नीट बघून घेतले. मग उडाला, थोडा अडखळतच, आणि तिच्या गुडघ्यावर उतरला. तिथून एकेक पाऊल टाकत मांडीवर, मनगटावर, हातावर. बायकोच्या हातातली वही घसरायला लागली होती. सासूबाईंनी दुरूनच तळहात खाली दाखवला, शांत. जावयाने पुढे होऊन वही अलगद काढून घेतली.

टिंबूने तिची पट्टी चोचीने चाचपली, चावली नाही. शर्टाच्या बटणाशी थोडा वेळ झटापट केली. कानाजवळ जाऊन आखूड केसांत डोकं घालून पाहिलं, तिथे आता मावत नाही हे त्याच्या लक्षात आलं, आणि मग तो तिच्या गळपट्टीत शिरून बसला.  बायको रडत होती आणि न हलता रडणं किती अवघड असतं ते जावयाला तिच्याकडे बघून कळत होतं.

सव्वासात झाले तसा टिंबूने एक जांभई दिली, बाहेर आला, आणि आपणहून उडून पिंजऱ्यात गेला. जावयाने चादर टाकली. सासूबाईंनी दिवा बंद केला. मग तिघं मोठी माणसं चपला हातात घेऊन, पायांचा आवाज न करता स्वयंपाकघरात गेली, दार लोटून घेतलं आणि जेवायला काय करायचं ते कुजबुजत ठरवू लागली.